स्टार्टअप बंद पडलं, तीन पगार आणि पीएफ अडकलाय. मदत हवी आहे

मंडळी, जरा सल्ला हवाय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बाणेरला एका ऑनलाइन भाजीच्या कंपनीत साडेतीन वर्षं ऑपरेशन्स बघत होतो. नारायणगावकडचा माल रात्री उचलायचा, सकाळी सातच्या आत सोसायट्यांत पोचवायचा. ऑर्डरी रग्गड, पण मेथीची जुडी पंधराला घेऊन दहाला विकायची आणि मधला खड्डा गुंतवणूकदार भरणार! ‘गुंतवणुकीची नवी राउंड होतेय, फक्त सह्या राहिल्यात’ हे आठ महिने ऐकलं. २०२४ च्या जुलैत ‘कू’ हे सोशल मीडिया अ‍ॅप बंद झालं तेव्हा त्यांच्या संस्थापकांनी निदान लिंक्डइनवर लिहून सांगितलं. आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर ४७ सेकंदांचा व्हॉइस मेसेज आला. खरं तर भाड्याचं कॉफी मशीन उचलायला माणूस आला, त्याच दिवशी ओळखायला हवं होतं.

आता तीन पगार थकलेत. सॅलरी स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो, पासबुकात मात्र शेवटचे चार महिने कोरे. टीडीएसचंही (पगारातून कापलेल्या आयकराचंही) तेच, २६ एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या नोंदीत, अर्धाच दिसतोय. नवीन नोकरी मिळालीय, पण तिथे रिलिव्हिंग लेटर हवंय. इकडून निरोप, आधी लॅपटॉप आणून दे. मित्र म्हणतो, पगार मिळेपर्यंत लॅपटॉप सोडू नकोस.

आणि खरी गोची वेगळीच आहे. मालक कॉलेजात मला दोन वर्षं सीनियर, मी त्याला दादा म्हणतो. त्याचाही फ्लॅट गहाण आहे. तो म्हणतो, ‘कंपनी विकत घेणारे आलेत, आत्ता तक्रार केलीस तर ते पळतील, मग कुणालाच काही मिळणार नाही.’ थांबू की तक्रार करू?

चहाबाज: लॅपटॉप आजच परत करा. तो कंपनीचा आहे. अडवलात तर उद्या तेच तुमच्यावर उलटतील. सिरीयल नंबरसकट फोटो काढा, पोच ईमेलवर घ्या. रिलिव्हिंग लेटर लांबलं तर नव्या एचआरला राजीनामा, स्लिपा आणि बँक स्टेटमेंट दाखवा, बंद पडलेल्या कंपनीचं म्हटल्यावर बहुतेक जण समजून घेतात.

निवृत्त_हिशोबनीस: पीएफमध्ये दादा-बिदा आणू नका. तुमच्या पगारातून कापलेला पैसा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावाच लागतो. कापून न भरणं हा फौजदारी विश्वासघात धरला जातो. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तक्रार पोर्टलवर स्लिपा जोडून तक्रार टाका, फुकट आहे. कंपनी दिवाळखोरीत गेलीच तरी पीएफची रक्कम लिक्विडेशनच्या, म्हणजे मालमत्ता विकून देणेकऱ्यांत वाटायच्या, पैशात धरत नाहीत, त्यामुळे तो दावा पक्का. टीडीएससाठीही स्लिपा जपा. आयकर कायद्यानुसार, कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही. क्रेडिट मिळायला मात्र भांडावं लागतं.

पगाराचं म्हणाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. कंपनी बंद पडून नोकरी गेली तरी दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायला हवा. आधी लेखी मागणी करा, मग कामगार आयुक्तालय. एनसीएलटीचा (कंपन्यांच्या दिवाळखोरीचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचा) रस्ता सुचवणारे भेटतील, पण तिथे थकबाकी किमान १ कोटीची लागते. घेणारे खरे असतील तर ते पीएफची थकबाकी तपासणारच, तुमच्या तक्रारीने त्यांना नवीन काही कळणार नाही.

धागाकर्ता: शेवटचं वाक्य दादाला तसंच्या तसं पाठवलं. ‘बघतो’ म्हणाला. पीएफची तक्रार आत्ताच टाकली, पगाराचं मागणीपत्र उद्या. लॅपटॉपही देऊन टाकतो, फक्त चार्जर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिलाय आणि ऑफिसला जागामालकाने कुलूप घातलंय. पोचपावतीत ‘चार्जरविना’ लिहून घेऊ ना?