लोखंड बंद केलं की रुपयाही मुका

मेटल डिटेक्टरवर लोखंड बंद ठेवा, म्हणजे लोखंडाला मशीन वाजणार नाही, नुसती नाणी वाजतील, असं सांगतात. जुन्या नाण्यांपुरतं ठीक. पण 1992 पासूनचा एक रुपया स्टीलचा, चुंबकाला चिकटणारा. गेल्या रविवारी भाच्याचं मशीन घेऊन घराजवळच्या बागेत गेलो (माळीमामांना विचारून). घसरगुंडीखाली तासभर फिरवलं, वाजला तो फक्त गुटख्याच्या पुडीचा चंदेरी कागद. शंका आली म्हणून खिशातला रुपया गवतावर टाकला. मशीन गप्प! मग लोखंड चालू केलं, तर आपला काळा दगडसुद्धा गुणगुणायला लागला. शेवटी बोटभर मातीत षटकोनी वीस पैसे निघाले, ॲल्युमिनियमचे, काळवंडलेले. मामा लांबून, "गावलं काय?"

कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीकडं मात्र मशीन नेऊ नका. टाऊन हॉल म्युझियममधला कांस्याचा रोमन पोसायडन, म्हणजे समुद्रदेवाची मूर्ती, तिथंच सापडलेली. आणि 1878 च्या कायद्यानं, जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं काही सापडलं तर कलेक्टरांना लेखी कळवावं लागतं. होय, दहाच रुपये. माझे वीस पैसे त्यात बसत नाहीत, म्हणून भाच्याच्या डबीत गेले.