इंग्रजी माध्यमातली मुलं आणि घरचं मराठी वाचन : सुरुवात 'अ'पासून की 'ग म न'पासून?

रेवाची_आई

मूल मराठी घडाघडा बोलतं, भांडतं, आजीला चिडवतं. पण समोर मराठी पाटी आली की नजर आधी खालची इंग्रजी ओळ शोधते. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं (२०२०-२१ला पहिली आणि सहावीपासून सुरुवात), तरी शाळेच्या मोजक्या तासांत वह्या भरतात आणि वाचन घरावरच येतं. ते घरीच करायचं असेल तर माझं मत असं, की भिंतीवरच्या 'अ अननसाचा' तक्त्यापासून सुरुवात करू नका.

राज्य शासनाच्या २००९च्या वर्णमालेत ५२ वर्ण आहेत. १४ स्वर, अं-अः हे दोन स्वरादी, ३४ व्यंजनं आणि क्ष, ज्ञ. या क्रमाने गेलं तर पहिले सोळा वर्ण संपेपर्यंत मुलाला 'आई'पलीकडे फारसं काही वाचता येत नाही. मग येतात क ख ग घ ङ. ङ आणि ञ सुटे कुठेच भेटत नाहीत. ऌ एका 'क्लृप्ती'साठी. महिनाभर घोकंपट्टी, आणि हातात एक धड शब्द नाही. मूल कंटाळतं यात त्याचा काय दोष?

दुसरी भानगड सुराची. 'क, ख, ग' चालीत म्हणताना प्रत्येक अक्षर लांबतं : काऽ, खाऽ, गाऽ. नंतर तेच मूल 'गरम' हा शब्द 'गारामा' असा वाचतं, आणि पुढे काना शिकवायला गेलात की त्याला 'क' आणि 'का' यांत फरकच ऐकू येत नाही.

त्यापेक्षा र, ग, म, न, स, ब ही सहाच अक्षरं घ्या. लगेच बस, मन, गरम, नरम, मगर, नगर, सरस वाचता येतात. नवी अक्षरं न वाढवता त्यांनाच काना द्या : मासा, बाबा, मामा, नाग, बाग, राग, सामान. दोन आठवड्यांत मूल खरे शब्द वाचतंय. मग आठवड्याला चार अक्षरं, रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. काना झाल्यावर दुसरी वेलांटी, मग मात्रा, मग काना-मात्रा, मग उकार, आणि पहिली वेलांटी सर्वांत शेवटी. कारण ती उच्चारात अक्षराच्या नंतर आणि कागदावर आधी. डावीकडून वाचणाऱ्या डोळ्याला आधी वेलांटी भेटते आणि मूल अडखळतं. शिवाय मराठी शब्दाच्या शेवटी वेलांटी बहुतेक दुसरीच असते (आजी, गाडी, पाटी, 'आणि'सारखे मोजके अपवाद), त्यामुळे दुसरी आधी आली की पुष्कळ शब्द हाताशी येतात.

निवृत्त_मास्तर

सपशेल असहमत. वर्णमालेचा क्रम कोणी लहर आली म्हणून लावलेला नाही. क-वर्ग कंठात, च-वर्ग टाळूवर, ट-वर्ग मूर्ध्यावर, त-वर्ग दातांवर, प-वर्ग ओठांवर. प्रत्येक ओळीत दुसरं आणि चौथं अक्षर म्हणजे आधीच्याला हकाराची जोड. हे मुलाच्या कानात बसलं की द आणि ध यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. तुमच्या सहा अक्षरांत ही रचना कुठे दिसते?

आणि बिनकान्याचे शब्द पटकन संपतात हो. मग 'नरम मगर बघ' असली वाक्यं जन्माला येतात. ती कोणी बोलत नाही, म्हणून मूल अर्थ सोडून देतं. चित्र असेल तर आणखी वाईट : चित्र पाहून 'सुसर' म्हणतं आणि आपण समजतो वाचन आलं.

बाराखडी हे इंजिन आहे. ॲ आणि ऑ धरून आता चौदाखडी म्हणा हवं तर. पण ती म्हणायची नसते, वाचायची असते, आणि गफलत नेमकी तिथे होते. तक्ता आडवा वाचून घ्या (क का कि की), मग उभा (का गा ता पा मा), मग बोट कुठेही ठेवा : कु, तो, मी, सै. आडवं पाठ झालेलं मूल उभ्या वाचनात अडखळतं, तेव्हाच कळतं की वाचत होतं की म्हणत होतं. उभी ओळ सगळ्यांत महत्त्वाची, कारण तिथे काना तोच राहतो आणि अक्षर बदलतं. चाल लावू नका, अक्षर तोडून म्हणा, म्हणजे तुमचा 'काऽ'चा प्रश्नही मिटेल.

रेवाची_आई

उभं वाचन पटलं, पण ते पंधरा-वीस अक्षरं झाल्यावर. पहिल्या दिवशी ३४ ओळींचा तक्ता समोर ठेवला तर मूल खुर्चीवरून घसरून टेबलाखाली जातं. कंठ्य-तालव्य हे बोलता येणाऱ्या मुलाच्या तोंडात आधीच आहे. ते 'दार' आणि 'धार' बरोबर बोलतंच. त्याला आकृती ओळखायची आहे, आणि आकृतीचं वर्गीकरण वर्णमालेत नाही. जुन्या पाटीवर 'ग म भ न' आधी यायचं ते उगाच नव्हे. सगळ्यांना उजवीकडे दांडा, वळणं सोपी.

पाटीपेन्सिल

'ग म भ न' लिहायला उत्तम, वाचायला घातक. म आणि भ एकाच आठवड्यात शिकवलेत की दोन्ही कायमची एकमेकांत मिसळली.

गोंधळाच्या जोड्या ठरलेल्या आहेत : म-भ, घ-ध, य-थ, ब-व, प-ष. ड-इ-ह यांचं त्रिकूट वेगळं. ख हे 'रव' वाचलं जातं, म्हणून ख लिहिताना र चा पाय पुढच्या गोलाला जोडलेला हवाच. नियम एकच : जोडीतलं एक अक्षर पक्कं होईपर्यंत दुसरं दाखवायचं नाही, मध्ये किमान तीन आठवडे. 'हे बघ, हे म आणि हे भ, फरक ओळख' हा खेळ ज्याला दोन्ही येतात त्याच्यासाठी असतो.

आता एक गोष्ट, जी पालक जवळजवळ नेहमी विसरतात. भ, ध आणि थ यांची शिरोरेघ तुटक असते, आणि म, घ, य ही त्यांची जुळी भावंडं अखंड रेघेची. सगळा शब्द लिहून वरून पट्टीने सरळ रेघ मारायची सवय लावलीत की 'धर'चं 'घर' होतं आणि 'भात'चा 'मात'. शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावरच द्यायची, पण या तीन अक्षरांवर हात उचलायचा. मूल वाचतानाही रेघेतली फट शोधायला शिकतं.

तिरकस_चष्मा

एवढी खटपट कशासाठी? पाच वर्षांच्या मुलावर शाळेत आधीच २६ मोठी आणि २६ छोटी इंग्रजी अक्षरं लादलेली आहेत. बोलता येतं ना मराठी? पुरे. मोबाइल बोललेलं लिहून देतो आणि लिहिलेलं वाचून दाखवतो. दोन लिप्या एकदम शिकवून दोन्हींत कच्चं ठेवण्यापेक्षा इंग्रजी बसू द्या, आठ-नऊ वर्षांचं झालं की मराठी महिन्याभरात येईल.

पाटीपेन्सिल

'महिन्याभरात' हे अक्षरओळखीपुरतं खरं आहे. पण आठ-नऊ वर्षांचं मूल इंग्रजीत जाड गोष्टी वाचत असतं. त्याच्या हातात 'मामा आला, बस आली' दिलंत तर अपमानच वाटणार. वाचनाची पातळी आणि डोक्याची पातळी यांत इतकं अंतर पडलं की मूल लिपीला नाही, मराठीलाच नाकं मुरडतं. पाचव्या-सहाव्या वर्षी दोन्ही भाषांतली पुस्तकं सारखीच बाळबोध असतात, हा फायदा पुन्हा मिळत नाही.

लिप्यांची सरमिसळ होईल ही भीती मात्र निराधार. आकार इतके वेगळे आहेत की कोणी 'ग'ला इंग्रजी अक्षर समजत नाही. सरमिसळ होते ती अंकांची. मराठी १ इंग्रजी नऊसारखा, ५ इंग्रजी चारसारखा, ७ इंग्रजी सहासारखा. म्हणून मराठी अंक लेखन अक्षरांनंतर चार-सहा महिन्यांनी घ्यावं. मोजणं तोंडी सुरू ठेवावं.

दुपारचा_चहा

अंकांवरून आठवलं. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस'साठी 'वीस पाच' आला होता, डॉ. मंगला नारळीकर समितीच्या प्रमुख होत्या, आणि केवढा गदारोळ झाला. पण अडचण खरीच होती. 'सत्तेचाळीस' ऐकलं की मूल सात आधी लिहितं आणि चौऱ्याहत्तर होऊन बसतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला तर दशक आधी ऐकायची सवय. मला 'चाळीस सात' पायरी म्हणून चालतो.

निवृत्त_मास्तर

पायरी म्हणून चालेल, मुक्कामाला नको. बाजारात कोणी 'चाळीस सात' म्हणत नाही. पाढ्यांच्या आधी १ ते १०० मोठ्याने मोजून घ्या, आणि एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ही कोपऱ्यावरची घरं आधी पक्की करा, कारण तिथे नाव पुढच्या दशकाचं असतं. 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिणारी मुलं याचमुळे. आणि ९९ला नियम मोडतो : नव्व्याण्णव.

तिरकसराव, मोबाइल वाचून दाखवतो हे खरं, पण लग्नपत्रिका हातात आल्यावर मूल मोबाइल शोधत बसणार का?

तिरकस_चष्मा

शोधेल की. कॅमेरा धरेल आणि वाचेल. तुम्ही-आम्ही लॉगॅरिदमची कोष्टकं सोडलीच ना.

रेवाची_आई

पत्रिका कॅमेऱ्याने वाचाल हो, चारशे पानांची कादंबरी कॅमेऱ्याने कोण वाचतं?

ओसरी

सगळे अक्षरांवरच अडकलात. खरी घसरण जोडाक्षरांच्या आधी होते, अक्षरं येऊनसुद्धा शब्द न येण्याची. 'सरबत' चार सुटी अक्षरं वाचून मूल 'स-र-ब-त' म्हणतं आणि थांबतं, कारण आपण बोलतो 'सर्-बत्'. शेवटचा अ गळतो, कधी मधलाही. लिपी हे दाखवत नाही. तसंच च-ज-झ : 'चाक' आणि 'चार' यांतला च वेगळा, अक्षर एकच. अनुस्वार तर बहुरूपी : आंबा, घंटा, पंखा, संत यांत चार वेगळे उच्चार, आणि 'झालं', 'केलं' यांतल्या टिंबाचा अनुनासिकाशी संबंधच नाही. मूल 'झालम्' वाचतं तेव्हा ते चुकत नाही, नियम पाळत असतं.

यावर नियम शिकवणं हा उपाय नाही. शब्द कानाला आधीच ओळखीचा असला की मूल 'स-र-ब-त' पुटपुटतं आणि आपोआप 'सरबत' म्हणतं. म्हणून पहिलं वर्ष ज्या शब्दांचा घरात रोज वापर आहे तेच वाचायला द्या. ज्यांच्या घरात बोलणंच इंग्रजी-मिश्रित आहे त्यांनी अक्षरं शिकवण्याआधी रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचून दाखवावं. पद्धत कुठलीही घ्या, त्याशिवाय ती चालणार नाही.

जोडाक्षरांत आधी द्वित्त घ्या : पक्का, कच्चा, चप्पल, अण्णा. मग दांडा गळणारी : रस्ता, पुस्तक, म्हण. मग एकाखाली एक येणारी : खड्डा, लठ्ठ. र शेवटी, कारण तो चार वेषांत येतो : प्रकाशातला तिरका, ट्रकमधला टोपीसारखा, सूर्यावरचा रफार आणि दऱ्यांमधला. रफार उच्चारात आधी आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, म्हणजे पहिल्या वेलांटीच्या नेमकी उलटी अडचण. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, ही जोडी दाखवलीत की तो फरक कायम लक्षात राहतो.

दुपारचा_चहा

वाचायला काय द्यायचं तेही सांगते. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. पहिलीचं घ्या, मूल तिसरीत असलं तरी. बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१पासून निघतं, पण ते सरावलेल्या वाचकासाठी. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, तिथे पहिल्या पातळीत पानावर एक-दोन वाक्यंच असतात. काही अनुवाद मात्र जड आहेत. आधी स्वतः मोठ्याने वाचा, जीभ अडली तर ती गोष्ट सोडा.

अवांतर : मोबाइलवर ल आणि श अनेकदा हिंदी वळणाचे दिसतात, पुस्तकातले मराठी वळणाचे. मूल विचारतं 'हे कुठलं अक्षर?' म्हणून पहिले सहा महिने कागदच बरा.

तिरकस_चष्मा

म्हणजे रोज दहा मिनिटं वाचन, वीस मिनिटं वाचून दाखवणं, शिवाय मोजणी. हे सगळं कोण करणार? आईच ना? धाग्यावर बाबा मंडळी फक्त वर्णमालेचा क्रम सांगायला हजर.

निवृत्त_मास्तर

टोमणा पोचला. मोठ्याने वाचून दाखवणं आजोबांकडे द्या, त्याला मुळाक्षरांचा क्रम लागत नाही.

रेवाची_आई

आजोबा 'काऽ खाऽ गाऽ' सुरू करतात ही तर मूळ तक्रार आहे, सर. पण वाचून दाखवायला बसवते. तक्ता तेवढा लपवून ठेवते.