केमिकलचा कागद इंग्रजीत, कामगार जतचा. मग त्याला सांगितलं कुणी?

कुपवाडकर
पंपाच्या कामासाठी एमआयडीसीतल्या एका लहान प्लेटिंग युनिटमध्ये (धातूवर मुलामा चढवतात तिथं) माझं जाणं-येणं असतं. परवा टाकीशेजारी कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली दिसली. लेबल तसंच, आत तांबडंभडक पाणी. हेल्परला विचारलं, "यात काय रे?" तो म्हणाला, "लाल पाणी." ते क्रोमिक ॲसिड होतं! रात्रपाळीत तहानलेल्या एखाद्यानं तोंडाला लावली असती म्हणजे? पोरगा जतकडचा, घरी कन्नड बोलणारा. आणि त्याच्या डोक्यामागे भिंतीवर त्याच क्रोमिकचं सेफ्टी डेटा शीट, म्हणजे केमिकलचे धोके आणि उपाय सांगणारा कागद, लॅमिनेशन करून. सोळा विभाग, बारीक अक्षर, सगळं इंग्रजी.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात कलम ४१-बी घातलं गेलं. धोक्याची माहिती कामगाराला देणं मालकावर बंधनकारक झालं. कागद चिकटवला की माहिती दिली, असं आपल्याकडे धरून चालतात. माझ्या मते तो कागद फक्त इन्स्पेक्टरसाठी असतो. पटत नसेल तर बोला.

१४ माणसांचा मालक
बोलतो की. बाटलीचं समर्थन करणार नाही, तो गाढवपणाच. पण भाषेचं खापर फोडू नका. मी मराठीत पाट्या रंगवून घेतल्या, हातमोजे दिले, गॉगल दिले. एप्रिलात पत्र्याखाली उभं राहून बघा एकदा. हातमोज्यात घाम साचतो, हातातला जॉब, म्हणजे नग, निसटतो, आणि आमच्याकडे पैसे नगावर. दुपारी दोनला मोजे खुंटीला. त्याला धोका माहीत नाही असं नाही, हाताच्या सालपटांवरून माहीत आहे. आणि ते शीट मलाही कळत नाही, मी बी.कॉम. सप्लायर पाठवतो, मी फाइलला लावतो.

कुपवाडकर
मालक, हाताचं सालपट त्याला दिसतं, मान्य. पण क्रोमिकच्या तुषारानं नाकातल्या पडद्याला भोक पडतं आणि पुढं फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे कुठल्या सालपटावरून कळणार?

बागायतदार, तासगाव
कारखान्यांचंच का बोलताय? आमच्याकडं या.

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. कातडी भाजतं, तेवढं सगळ्यांना ठाऊक. पण हे अंगात गेलेलं असताना दारू घेतली की ती नीट पचत नाही. तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, दम लागतो, कधी माणूस कोसळतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या टोळीतला एक गडी संध्याकाळी क्वार्टर घेऊन आडवा झाला. सगळे म्हणाले, जास्त झाली. दवाखान्यातही आम्ही तेच सांगितलं. घरी येऊन कॅनवरचा कागद उलगडून वाचला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. वाचला तो, माणूस. पण तो कागद आधी वाचायला मला कुणी अडवलं होतं?

रंगांचं तर विचारूच नका. कीटकनाशकाच्या डब्यावर त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. दुकानात उभं राहून ऐका एकदा, "लाल त्रिकोणवालं द्या, कडक असतं." इशाऱ्याची जाहिरात झाली राव.

मळ्यातली
दादा, खरं बोललात. एक विचारते, राग नको. यंदा टोळीला दारूचं सांगितलंत का?

बागायतदार, तासगाव
मुकादमाला सांगितलं. टोळीला नाही. "आम्हाला बेवडे समजता का" म्हणून उठून दुसऱ्याच्या बागेत गेले असते. छाटणीच्या हंगामात मजूर मिळतात का ताई?

मळ्यातली
मग मुकादमानंही त्याच भीतीनं सांगितलं नसणार.

सेफ्टीवाला, सातारा
सगळे कागदावर तुटून पडलात, म्हणून लिहितो. स्टेनलेसच्या टाक्या करणारी फॅब्रिकेशनची शॉप आपल्या सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत आहेत. वेल्ड साफ करायला पिकलिंग पेस्ट लावतात. बऱ्याच पेस्टमध्ये नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. थोडं लागलं तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही, काही तासांनी आतून ठणका सुरू होतो. ते शरीरातलं कॅल्शियम धरतं, मोठा भाग भाजला तर हृदय बंद पडू शकतं. लगेच भरपूर पाणी, मग कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल चोळायची आणि दवाखाना.

आता सोबतचा माणूस डॉक्टरला काय सांगणार? "ॲसिड पडलं." डॉक्टर साध्या ॲसिडचे उपचार करणार. तो इंग्रजी कागद खिशात असता तर चौथ्या विभागात, प्रथमोपचारात, सगळं आहे. डॉक्टरला इंग्रजी येतं. म्हणून शीट नको म्हणणाऱ्यांशी मी भांडणार. शीट दवाखान्यात न्यायला, आणि कॅनवर चार ओळी कामगाराला. दोन्ही लागतात.

१४ माणसांचा मालक
या जेलचं मला आजच कळलं. पेस्ट आमच्याकडेही येते. डब्यावर काय लिहिलंय ते बघून सांगतो.

कोल्ड स्टोरेज, शिफ्टवाला
आम्हाला अमोनियाचं ट्रेनिंग झालंय. सायरन वाजला की गेटकडे पळा. वारा गेटकडेच वाहत असेल तर काय, असं एकानं विचारलं. सर हसले आणि पुढची स्लाइड लावली. वाऱ्याला आडवं पळून मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला यायचं, हे मला गावच्या बर्फ फॅक्टरीतल्या म्हाताऱ्या फिटरनं शिकवलं. तो सही करता येत नाही म्हणून अंगठा लावायचा.

सेफ्टीवाला, सातारा
ते सर आमच्यातलेच कुणीतरी असणार. गप्प बसतो.

१४ माणसांचा मालक
बघितलं. डब्यावर आहे, हायड्रोफ्लोरिक, इंग्रजीत. दोन वर्षं पोरं रबरी मोज्याशिवाय ब्रशनं लावतायत. पण माझा मूळ मुद्दा सोडत नाही. उद्या कन्नडमध्ये लिहिलं तरी नगावर पैसे असेपर्यंत मोजे दुपारी दोनला खुंटीलाच जाणार.

कुपवाडकर
मालक, यावर माझ्याकडे उत्तर नाही. नगाचा दर तुमच्या हातात आहे, माझ्या नाही.

काल पुन्हा त्या युनिटला गेलो होतो. बाटली गेली. पांढरा कॅन आलाय, त्यावर हेल्परनं मार्करनं कन्नडमध्ये काहीतरी लिहिलंय. तिथल्या मालकाला वाचता येईना, त्यानं पोरालाच विचारलं. "कुडियबारदु," म्हणाला. पिऊ नये.

सेफ्टीवाला, सातारा
चांगलं झालं. पण क्रोमिकचा खरा त्रास टाकीवरून उडणाऱ्या तुषाराचा. एक्झॉस्ट चालू होता का?

कुपवाडकर
बंद. लाइट बिल जास्त येतं म्हणे.