स्वतःच्या धंद्याची वेबसाइट स्वतः केली तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

कोकमआगळ
दसऱ्याच्या साफसफाईत माळ्यावर दोनशे पानी वही सापडली. मधल्या पानावर पेन्सिलीने आखलेले चौकोन. वर नाव, डावीकडे मसाल्याचा फोटो, खाली फोन नंबर. २०१६ साली सासूबाईंच्या मालवणी मसाल्याची वेबसाइट मी केली, तिचं हे पहिलं चित्र. बघून पोटात कालवलं.

यातलं काहीही शिकले नव्हते. मुलगा दीड वर्षाचा, तो झोपला की बसायचं. वर्डप्रेस, म्हणजे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, बसवायलाच चार रात्री गेल्या. साइट उभी राहिली, पण चार महिने गूगलवर दिसेचना. अगदी नाव टाकून शोधलं तरी नाही. मग एका रात्री सेटिंग्जमध्ये 'रीडिंग'च्या पानावर तळाशी एक चौकोन दिसला, शोधयंत्रांनी ही साइट नोंदवू नये अशा अर्थाचा. त्यात बरोबरची खूण! काम अर्धवट असताना मीच केली होती. काढली. पंधरा दिवसांनी नागपूरहून फोन, अर्धा किलो मसाला हवा म्हणून. तो पत्ता लिहिलेली चिठ्ठी सासूबाईंनी अजून मसाल्याच्या डब्यात जपून ठेवली आहे.

कुणी कुणी स्वतः केली आहे? लिहा ना.

पदरकाठ
आमचं येवल्याला पैठणीचं. पहिल्या पानावर बावीस फोटो, मोबाइलमधून काढलेले तसेच, एकेक पाच एमबीचा. बहिणीचा फोन, "दादा, नुसतं पांढरं दिसतंय." मग एकेक फोटो बसून १५० केबीपर्यंत आणला, दोन रविवार गेले.

पण खरा त्रास रंगाचा. ट्यूबलाइटखाली काढलेला राणी रंग जांभळा दिसला आणि एका ताईंनी साडी परत पाठवली. आता सकाळी नऊला ओसरीत काढतो, उन्हात नाही, सावलीत. आणि पदर उलटून मागची बाजूही टाकतो. हातमागाचा पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, जाणकार गिऱ्हाईक आधी तेच विचारतं.

शेवंती७
ताई, किलोला दगडफूल किती घालता? माझा मसाला कडवट होतो.

एडिसनकर
मी १९९९ साली जिओसिटीजवर, म्हणजे फुकट वेबपानं मिळायची त्या साइटवर, केली होती, हिच्या पुरणपोळीच्या ऑर्डरींसाठी. तेव्हा मराठी अक्षरं समोरच्याच्या संगणकावर दिसतीलच याचा भरवसा नसायचा. म्हणून मजकुराचं चित्र करून लावायचो. भाव बदलला की नवं चित्र. २००९ मध्ये जिओसिटीज बंद झालं आणि मी प्रत ठेवली नव्हती. त्यात हिचा लाटणं घेतलेला फोटो होता. दुसरीकडे कुठेच नाही. प्रत ठेवा रे सगळ्यांनी.

कोकमआगळ
काका, वाचून वाईट वाटलं. वहिनी अजून करतात का पोळ्या?

एडिसनकर
होळीला हमखास. यंदा कटाची आमटीसुद्धा.

निशिगंध
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. पानाच्या लिंकला मराठी नाव देऊ नका! व्हॉट्सअॅपवर पाठवली की टक्क्याच्या चिन्हांची हातभर माळ होते. देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइटचं, त्यामुळे लिंकमध्ये त्याची नऊ चिन्हं होतात. गिऱ्हाइकांना वाटायचं व्हायरस आहे. मथळा मराठीत, लिंक इंग्रजी स्पेलिंगमध्ये.

घाटावरचा
माझ्याकडे कडू अनुभव आहे. आधी एकाकडून करून घेतली होती. त्याने डोमेन, म्हणजे साइटचं नाव, स्वतःच्या नावावर घेतलं, मला कळलंच नाही. तीन वर्षांनी त्याने फोन उचलणं बंद केलं, मुदत संपली, नाव गेलं. व्हिजिटिंग कार्डं, टेम्पोवरची पाटी, गुळाच्या खोक्यांवरचा छापील पत्ता, सगळं वाया. नंतर स्वतः केली, साधी चार पानांची. पण डोमेन माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर, आणि मुदतीची तारीख दुकानातल्या कालनिर्णयवर लाल पेनने. बाकी सगळं चुकलं तरी दुरुस्त होतं हो. नाव गेलं की गेलं.

पदरकाठ
दादा, हे अगदी खरं. आणि पहिल्या वर्षीचा स्वस्त भाव बघून घेऊ नका, दुसऱ्या वर्षीचा आकडा आधी विचारा. माझा चौपट झाला.

सोनचाफा
माझे घरगुती केक. इन्स्टा आणि व्हॉट्सअॅप कॅटलॉग आहे. वेबसाइट खरंच लागते का?

घाटावरचा
ताई, ते दुकान भाड्याच्या जागेतलं. खातं एक दिवस बंद पडलं तर गिऱ्हाइकाने तुम्हाला कुठे शोधायचं? एकच पान करा. भाव, फोन, एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थ विकायच्या परवान्याचा) चौदा आकडी नंबर. एवढं पुरे.

सोनचाफा
आज रात्री बसते.

निशिगंध
कोकमआगळ ताई, तुमचं वाचून आत्ता माझ्या साइटचा तो चौकोन बघितला. खूण आहे!! आठ महिने!!

कोकमआगळ
अगं बाई. काढ लगेच. @शेवंती७, किलोभर मिरचीला दगडफूल मूठभरच, आणि मंद आचेवर भाज. जळलं की कडू होतं, सासूबाई सांगतायत.