डीएलआर: मोजून-मापून छोटी बांधली, तिथेच फसली का?

बेटावरचा नाशिककर
सहा वर्षं पूर्व लंडनमध्ये राहतोय आणि रोज डीएलआरने, म्हणजे डॉकलँड्स लाइट रेल्वेने, कामावर जातो. गाडीला चालक नाही, त्यामुळे सगळ्यात पुढची सीट मिळाली की पोरं (आणि कुणी बघत नसेल तर मीही) गाडी 'चालवतात'. काल चुलतभावाशी नाशिकच्या मेट्रो निओवरून, म्हणजे तिथे ठरलेल्या रबरी टायरच्या छोट्या मेट्रोवरून, चांगलंच वाजलं, म्हणून हा धागा.

1987 मध्ये ही लाइन 7.7 कोटी पौंडांत उभी राहिली. 11 गाड्या, 15 स्थानकं. एक गाडी म्हणजे एकच जोडडबा (मध्ये सांधा असलेला लांब डबा), साधारण 28 मीटर, आणि प्लॅटफॉर्मही त्याच मापाचे. पुढे डॉकलँड्समधल्या कॅनरी वॉर्फला ऑफिसांचे मनोरे उभे राहायला लागले आणि चारच वर्षांत बोगद्यातून मध्य लंडनच्या 'बँक' नावाच्या स्थानकापर्यंत जावं लागलं, प्लॅटफॉर्म दुप्पट करावे लागले. 2010 पासून बँक-लुइशम मार्गावर तीन जोडडबे. त्यापायी जुने पूल बळकट केले. साउथ की स्थानक वळणांच्या मध्ये अडकलेलं, तिथे प्लॅटफॉर्म वाढेना, म्हणून अख्खं स्थानकच हलवलं.

पण खरी गंमत कटी सार्कची. हे स्थानक 1999 चं, म्हणजे एकदा हात पोळल्यानंतरचं, तरी दोनच जोडडब्यांच्या मापाचं. जमिनीखाली असल्याने वाढवणं परवडेना. म्हणून तिथे लांब गाडीची दोन्ही टोकांची दारं उघडतच नाहीत. परवा एक आजोबा दोन पिशव्या सांभाळत शेवटच्या दाराचं बटण दाबत होते. घोषणा होत होती, पण ऐकतंय कोण! शेवटी मी त्यांना मधल्या दाराने उतरवलं.

माझं म्हणणं एवढंच: गाडी छोटी ठेवा हो, पण जागा मोठ्या गाडीची धरा.

हिशोबी
असहमत. तुम्ही आजच्या गर्दीत उभं राहून 1987 कडे बघताय. तेव्हा तिथे काय होतं? रॉयल डॉक्स 1981 मध्ये बंद पडलेले, गोद्या ओस, कामगार घरी. भुयारी रेल्वे तिकडे न्यायला पैसे द्यायची कुणाची तयारी नव्हती. जुने रेल्वेपूल आयते मिळाले, त्यावर छोटी गाडी सोडली. गाडी आली म्हणून मनोऱ्यांना धीर आला आणि मनोरे आले म्हणून 1999 मध्ये भुयारी रेल्वेची ज्युबिली लाइन आली. अंथरूण पाहून पाय पसरले, यात चूक ती काय? पहिल्याच दिवशी तीन जोडडब्यांचा हट्ट धरला असता तर बहुधा बसच मिळाली असती.

बेटावरचा नाशिककर
हिशोबीभाऊ, प्लॅटफॉर्म बांधा असं मी म्हटलंच नाही. शिंपी शिवणीत माया ठेवतो की नाही? पोरगं वाढलं की उसवून सैल करता येतं. दोन्ही बाजूंना थोडी सरळ मार्गिका सोडायची, एवढंच. आणि 1987 ला माफ केलं तरी 1999 चं काय? तेव्हा तर मनोरे समोर उभे होते.

हिशोबी
जमिनीखाली मायेचं कापड फार महाग असतं, साहेब. पण 1999 बद्दल गप्प बसतो.

लाल सिग्नल
तुम्ही दोघं डबेच मोजत बसलाय. (पोटापाण्याचा धंदा सिग्नलिंगचा, तेव्हा थोडं सोसा.)

लाइन किती माणसं नेते हे तिच्या सगळ्यात अडचणीच्या जागेवर ठरतं. डीएलआरवर ती जागा म्हणजे कॅनरी वॉर्फच्या उत्तरेचा त्रिकोण. तीन बाजूंच्या गाड्या तिथे एकाच पातळीवर एकमेकींना आडव्या जायच्या; एक ओलांडेपर्यंत दुसरी ताटकळत. 2009 मध्ये एक मार्गिका खालून काढली तेव्हा श्वास मोकळा झाला. त्याची किंमत म्हणजे बँककडून कॅनरी वॉर्फला जाणारी गाडी वेस्ट इंडिया कीला थांबत नाही. बँकला गाडी पुढच्या बोगद्यात जाऊन उलटी फिरून येते, ती जितक्या वेळात फिरेल तितक्याच गाड्या. स्ट्रॅटफर्डकडे तर काही टप्पा अजून एकेरी आहे. तिथे डबे वाढवा नाहीतर आरती ओवाळा, गाड्यांची संख्या वाढणार नाही.

नव्या गाड्या सलग आहेत, आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाता येतं. लांबी जवळपास तीन जोडडब्यांएवढीच, तरी माणसं सुमारे 10 टक्के जास्त मावतात. पण त्या उभ्या कुठे करायच्या? बेक्टनचा डेपो वाढवावा लागला. डेपोवर कुणी धागा काढत नाही.

घाटकोपरची सुमन
आमच्या मेट्रो 1 ला 2014 पासून चारच डबे आहेत, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. लोकलची 9 ची 12 झाली, 12 ची 15 झाली, कारण प्लॅटफॉर्म जमिनीवर. बहुतेक ठिकाणी भराव टाकला, फरशा बसवल्या, झालं. खांबांवरच्या स्थानकाचं तसं नसतं. आणि लालदादा, तुम्ही जिने विसरलात. गाडीतून एका वेळी दीडपट माणसं ओतली तरी सरकता जिना तोच, पूल तोच. मागची गाडी येईपर्यंत आधीची माणसं खाली उतरायला नकोत का?

लाल सिग्नल
ताई, बरोबर. जिना राहिलाच.

पंचवटी
मीच तो चुलतभाऊ. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आमच्या निओसाठी 2,092 कोटी जाहीर झाले. रबरी टायर, वर विजेची तार, जोडबससारखी गाडी. तेव्हापासून सगळे शहाणे हेच सांगतात, की ही छोटी पडेल, पुढचा विचार करा, मोठीच मेट्रो आणा. दादा, तुमच्या त्या मायेच्या कापडापायी आमचा सदराच शिवला जात नाहीये! तुमच्या आजोबांना मधल्या दाराने तरी उतरता आलं. आम्हाला द्वारका सर्कलला आधी गाडी तर दिसू दे.

बेटावरचा नाशिककर
सदरा शिवाच रे. फक्त पहिल्या धुण्यात आटणारा नको.

लाल सिग्नल
पंचवटी, निओच्या आराखड्यात डेपोची जागा कुठे धरली होती? नकाशा असेल तर इथे डकवा. त्यावरून पुढे किती गाड्या वाढल्या असत्या ते सांगतो.