खिडकीचा क्रँक बदलायच्या आधी दांडे सोडवून बघा

हँडल फिरवून बाहेर उघडणारी, वरून टांगलेली (awning) खिडकी नीट बंद होत नसेल तर क्रँकचा, म्हणजे हँडलने तावदान उघडबंद करणाऱ्या यंत्रणेचा, गिअर झिजलाय, पूर्ण क्रँक बदला असं वर कुणीतरी म्हटलंय. असेलही, पण आधी आतली जाळी काढा, तावदानाच्या खालच्या पट्टीतून क्रँकचे दांडे सोडवा आणि तावदान हाताने ओढून बंद करून बघा, दुसऱ्या कुणालातरी धरायला सांगा कारण ते वरून लोंबतं. हाताने चपखल बसलं तर घोळ क्रँकचाच, पण तरी कोपरा अडला तर गिअर बिचारा निर्दोष.

आमच्या न्यू जर्सीच्या घरात बाजूच्या बिजागरीच्या पट्टीतला एक स्क्रू ढिला होऊन डोकं वर आलं होतं, वर माती आणि मेलेले किडे, त्यामुळे हँडल शेवटी शेवटी जड व्हायचं. स्क्रू आवळून, पट्टी साफ करून सिलिकॉन स्प्रे मारला, तेल नको, त्यावर धूळ बसते. आणि तोवर हँडल जोर लावून फिरवू नका, गिअरचे दात खरंच जातील.