लांबलचक ॲनिमे मालिकांतील फिलर भाग: पाहावेत की सोडून द्यावेत?

जुळे सोलापूरकर
नमस्कार. मी आणि माझा धाकटा भाऊ सध्या ‘नारुतो’ ही जपानी ॲनिमे (चलतचित्र) मालिका पहिल्या भागापासून पाहत आहोत. भावाला तिची गोडी सोनी याय वाहिनीवरील हिंदी आवृत्तीमुळे लागली आणि यंदा गड्ड्याच्या जत्रेतून त्याने नारुतो बांधतो तशी कपाळपट्टीही हट्टाने आणली. १३५ व्या भागापर्यंत आम्ही अक्षरशः जेवणाचे ताट बाजूला ठेवून मालिका पाहिली. नारुतोचा मित्र सासुके गाव सोडून खलनायक ओरोचिमारूकडे निघून गेला आहे, त्याला परत आणण्याचा निश्चय नारुतोने केला आहे आणि त्याचा गुरू जिराया त्याला शिकवण्यासाठी सोबत नेणार आहे, अशा टप्प्यावर कथा आलेली असताना पुढच्या भागांत मात्र एकामागून एक भलत्याच मोहिमा सुरू झाल्या. कुठे करीच्या दुकानाची गोष्ट, कुठे कुणा अनोळखी माणसाची राखण. आणि ज्या मित्रासाठी नारुतो जिवावर उदार झाला होता, त्याचे नाव आठवड्यांमागून आठवडे कुणी घेतही नाही.

माझी तक्रार केवळ वेळ वाया जाण्याची नाही. इतके भाग पाहून मनात जी ओढ तयार झाली होती, तीच विरून जाते याचे मला वाईट वाटते. भाऊ तर आता मालिकाच नको म्हणू लागला आहे. हे फिलर, म्हणजे मूळ कथेत नसलेले भरीचे भाग, तयार करणाऱ्यांना ही गोष्ट दिसत नसेल का? मूळ मांगा (जपानी चित्रकथा) पुढे जाईपर्यंत मालिका थांबवता आली नसती का? आणि आम्ही हे भाग सोडून दिले, तर पुढे काही अडेल का?

पूर्व भाग
ताई, आपण जेथे अडकला आहात तेथे त्या काळातील जवळजवळ प्रत्येक प्रेक्षक अडकला होता. १३६ पासून २१९ पर्यंतचे बहुतेक सर्व भाग मांगामध्ये नाहीत. ज्यांनी ही मालिका मूळ प्रसारणात पाहिली, त्यांनी दर आठवड्याला एक भाग या गतीने दीड वर्षाहून अधिक काळ हेच पाहिले. २००७ च्या फेब्रुवारीत २२० व्या भागाने पहिली मालिका संपली आणि लगेच तिची पुढची मालिका ‘शिप्पूदेन’ सुरू झाली.

कारण समजून घेतले तर राग थोडा योग्य दिशेला वळेल. ‘नारुतो’चे लेखक किशिमोतो यांची मांगा ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात १९९९ पासून येत होती आणि ॲनिमे सुरू झाली २००२ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आरंभी हाताशी तीन वर्षांचा साठा होता. परंतु साप्ताहिकातील एक प्रकरण साधारण वीस पानांचे असते आणि वीस-बावीस मिनिटांच्या एका भागात अशी दोन प्रकरणे सहज खर्ची पडतात. लिहिणारा आठवड्याला एक प्रकरण देणार आणि पडदा दोन गिळणार, असे चालू राहिल्यावर साठा संपणे हा केवळ हिशेब आहे. आमच्या घरी यंत्रमाग आहेत. सूत वेळेवर आले नाही तर आम्ही माग बंद ठेवतो, हाताला लागेल ते सूत भरून चादर विणत नाही. दूरचित्रवाणीच्या वाहिनीवर मात्र ठरलेली वेळ एकदा सोडली की ती दुसऱ्या कार्यक्रमाकडे जाते, जाहिरातदार जातात आणि प्रेक्षकांची सवयही मोडते. त्यामुळे त्या काळी दोनच मार्ग होते: फिलर घालायचे, किंवा स्वतःचाच शेवट रचायचा. दुसरा मार्ग २००३ च्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ने घेतला, मांगा अपुरी असताना तिने वेगळी वाट धरून ५१ भागांत कथा संपवली आणि पुढे २००९ मध्ये मूळ मांगेनुसार ६४ भागांची नवी मालिका करावी लागली.

होटगी रोड
वरील खुलासा पटतो, परंतु एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. मांगामध्ये नाही म्हणून भाग वाईट, असे सरसकट मानू नये. आपण १०१ वा भाग पाहिला असेलच. काकाशी सरांच्या मुखवट्याआड चेहरा कसा आहे हे पाहण्यासाठी तिघे विद्यार्थी जी धडपड करतात, ती मांगामध्ये नव्हती, तरी तो भाग कोणी सोडावा असे मला वाटत नाही. ‘वन पीस’मध्ये आकाशातील बेटाची कथा १९५ व्या भागात संपते आणि १९६ ते २०६ या भागांत नायक लफीचे जहाज नौदलाच्या किल्ल्यात अडकते. जहाज आणि सोने घेऊन त्या किल्ल्यातून निसटायचे, इतकाच त्या कथेचा आवाका आहे. पण तेथील नौदल अधिकारी बुद्धिमान आहे, खलाशी वेषांतर करून वावरतात आणि प्रत्येकाच्या स्वभावाला वाव मिळतो. एक मोठी कथा संपून दुसरी सुरू होण्यापूर्वीची ती जागा असल्यामुळे प्रेक्षकाच्या मनात काही लोंबकळत राहिलेले नसते.

आता याच्याशेजारी ‘ब्लीच’ ठेवून पाहा. इचिगो आणि त्याचे मित्र ओरिहिमेला सोडवण्यासाठी शत्रूच्या प्रदेशात शिरले आहेत, सगळीकडे लढाया पेटल्या आहेत, आणि १६८ व्या भागापासून १८९ व्या भागापर्यंत पडद्यावर एका नव्या सेनापतीची निराळीच कथा चालते. जी मुलगी कैदेत होती ती जणू कैदेत नव्हतीच! ती कथा स्वतंत्रपणे इतकी वाईट नाही, परंतु तिला जी जागा दिली ती प्रेक्षकाच्या भावनेवर अन्याय करणारी आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. शिवाय अशा कथांना आणखी एक बंधन असते, ते म्हणजे त्यांत काहीही बदलू शकत नाही. कोणी नवी विद्या शिकला, कोणाशी नाते जुळले, कोणी कायमचा जखमी झाला, तर पुढच्या मांगाशी मेळ बसणार नाही; म्हणून शेवटी सर्व जण होते तेथे आणून सोडावे लागतात. प्रेक्षकाला हे दोन-तीन भागांतच जाणवते आणि त्यानंतर संकट कितीही मोठे दाखवले तरी मन त्यात गुंतत नाही. ‘डिटेक्टिव्ह कॉनन’ १९९६ पासून चालू आहे, तिच्यातही मांगाबाहेरचे भाग पुष्कळ आहेत, तरी तेथे हा त्रास फारसा होत नाही, कारण बहुतेक प्रकरणे एक-दोन भागांत आपापली पूर्ण होतात.

रेल्वे लाइन्स
फिलरवर सर्वांचा राग आहे, पण कथा ताणण्याचा प्रकार मला अधिक त्रासदायक वाटतो, कारण तो सोडून देता येत नाही. ‘वन पीस’मधील ड्रेसरोझाची कथा मांगामध्ये १०२ प्रकरणांची आहे आणि ॲनिमेमध्ये तिला ११८ भाग लागले, म्हणजे एका भागाला एक प्रकरणसुद्धा पुरवलेले नाही. मागील भागाची उजळणी, प्रत्येकाचा आश्चर्यचकित चेहरा, तोच ठोसा पुन्हा पुन्हा. ‘ड्रॅगन बॉल झी’मध्ये खलनायक फ्रीझा म्हणतो की हा ग्रह पाच मिनिटांत फुटेल, आणि ती पाच मिनिटे अनेक भाग चालतात! पुढे २००९ मध्ये ‘ड्रॅगन बॉल काय’ या नावाने तीच मालिका नव्याने संकलित केली, तेव्हा सेल या खलनायकाच्या कथेपर्यंतचे १९४ भाग ९८ भागांत बसले. म्हणजे जवळजवळ निम्मा भाग काढूनही कथा उभी राहते. माझ्या मते प्रत्येक जुन्या लांब मालिकेला असे अधिकृत संकलन मिळाले पाहिजे.

जुळे सोलापूरकर
आपणा सर्वांचे आभार. होटगी रोड यांनी जागेचा जो मुद्दा मांडला, तो मला नेमका पटला; माझ्या चिडीचे कारण मला त्यातून कळले. एक शंका उरते. आजच्या मालिका मोसमांत येतात आणि मधे थांबतात, मग हा मार्ग पूर्वी का सुचला नाही? आणि थांबणे खरोखरच बरे का? भाऊ म्हणतो की वर्षानुवर्षे वाट पाहण्यापेक्षा काहीतरी लागलेले बरे.

पूर्व भाग
आपल्या भावाचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. ‘अटॅक ऑन टायटन’चा पहिला मोसम २०१३ मध्ये आला आणि दुसरा थेट २०१७ मध्ये, शेवट पाहायला २०२३ उजाडले. चार वर्षांत शाळकरी प्रेक्षक महाविद्यालयात जातो. तरीही मी थांबण्याच्याच बाजूने आहे, कारण थांबलेली कथा जेथे थांबली तेथेच आपल्या मनात राहते. ‘ब्लीच’ २०१२ मध्ये बंद पडली आणि उरलेली कथा २०२२ मध्ये परत आली, तेव्हा दहा वर्षांनीही जुने प्रेक्षक तितक्याच ओढीने जमले. पूर्वी हे जमत नव्हते, कारण वर्षभर दर आठवड्याला चालणारी मालिका हीच वाहिन्यांची पद्धत होती. मागणीनुसार पाहण्याच्या सेवा आल्यानंतर ठरलेल्या वेळेचे महत्त्व कमी झाले.

आता आपल्यापुरते सांगतो. १३५ नंतर थेट २२० वा भाग लावावा, काहीही अडणार नाही. १४१ व १४२ मध्ये मांगामधील थोडा मजकूर आहे, परंतु तो न पाहिल्याने कथा तुटत नाही. ‘शिप्पूदेन’मध्ये ५७ ते ७०, ९१ ते १११ आणि १४४ ते १५१ हे भाग बाजूला ठेवले तरी चालतील. ३४९ ते ३६१ हे काकाशींच्या तरुणपणीचे भाग मात्र सोडू नयेत. ते युद्धाच्या ऐन मध्यात येत असल्याने रसभंग करतात हे खरे, म्हणून युद्ध संपल्यावर सवडीने पाहावेत. ४५१ ते ४५८ मधील सासुकेचा थोरला भाऊ इताची याची कथा कादंबरीवर आधारित आहे आणि तीही पाहण्याजोगी आहे. भावाला हिंदी आवृत्तीच हवी असेल, तर भागांचे क्रमांक एकदा पडताळून घ्यावेत.